तळटीप १४ : आमदार नसलेला मुख्यमंत्री

१४. ‘लखनौचा पाहुणा मुख्यमंत्री’ : रोख त्रिभुवन नारायण सिंह यांच्याकडे. संघटना काँग्रेसचे हे नेते पूर्वी केंद्रात मंत्री होते. पण संयुक्त विधायक दलाचे मुख्यमंत्री म्हणून १८ ऑक्टोबर १९७० रोजी त्यांचा शपथविधी झाला, तेव्हा ते राज्याच्या विधानसभेतही नव्हते आणि विधान परिषदेतही. घटनेचे कलम १६४(४) अशा मंत्र्याला सहा महिन्यांची मुदत देते. ती मुख्यमंत्र्यालाही लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने हरशरण वर्मा खटल्यात (१९७१) दिला. कोर्टात तरलेले सिंह मतपेटीत मात्र बुडाले. महंत अवेद्यनाथांनी सोडलेल्या गोरखपूरजवळच्या मानीराम मतदारसंघात इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे रामकृष्ण द्विवेदी यांनी त्यांना पाडले आणि एप्रिल १९७१ मध्ये मुख्यमंत्रिपदही गेले. अवेद्यनाथांचे शिष्य योगी आदित्यनाथ २०१७ मध्ये खासदार असताना मुख्यमंत्री झाले, ते विधान परिषदेवर गेले. महाराष्ट्रात उद्धव ठाकरे यांनीही मे २०२० मध्ये तोच मार्ग धरला. कलमाला विधिमंडळाचे सदस्यत्व पुरते. ते कोणत्या सभागृहाचे, हे त्यात सांगितलेले नाही.