गाठ काढायची की पिशवी?

या मालिकेत आपण एरवी लढाया, किल्ले आणि फौजांची रसद यांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे: गर्भाशयात होणाऱ्या गाठी, म्हणजेच फायब्रॉइड. निवृत्त फौजी यावर का बोलतोय, असं वाटेल. कारण सांगतो. पलटणीत जवानांच्या रजेच्या अर्जांवर मी सह्या करायचो. ‘पत्नीचं ऑपरेशन’ हे कारण वारंवार यायचं. चौकशी केली की मराठी जवान म्हणायचा, ‘साहेब, पिशवी काढायला सांगितलीय.’ हिंदी मुलखातला ‘बच्चेदानी’ म्हणायचा. बायकोचं वय कधी बत्तीस, कधी पस्तीस. दुसरा उपाय आहे का, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं. म्हणून मी या उपचारांचा इतिहास वाचायला घेतला. मी डॉक्टर नाही. औषध सांगणार नाही. इतिहास सांगतो.

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंतून वाढणारी गाठ. ती जवळजवळ नेहमीच साधी असते. कर्करोग फार क्वचित निघतो. अनेक बायकांना तर गाठ आहे याचा पत्ताही नसतो. ज्यांना त्रास होतो त्यांना पाळीत खूप रक्त जातं, गुठळ्या पडतात, अंगातलं रक्त कमी होऊन दम लागतो. ओटीपोट जड वाटतं, वारंवार लघवी लागते, कंबर दुखते. काहींना दिवस राहायला अडचण येते. इथे गाठीच्या आकाराइतकीच तिची जागा महत्त्वाची. आतल्या अस्तराला लागून असलेली सुपारीएवढी गाठ बेजार करते आणि बाहेरच्या अंगाला असलेली मोठी गाठ कधी कधी गप्प बसते. पाळी कायमची गेली की गाठी सहसा आकसतात.

आता इतिहास. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे सर्जन वॉशिंग्टन अ‍ॅटली यांनी पोट उघडून गर्भाशयावरची गाठ काढली आणि रुग्ण वाचली. त्याची नोंद 1845 ची आहे. ईथरची भूल जगासमोर आली 1846 मध्ये. म्हणजे त्या बाईने ते सारं शुद्धीवर असताना सोसलं. पुढे 1853 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावी वॉल्टर बर्नहॅम यांनी अंडाशयाची गाठ समजून पोट उघडलं, तर समोर फायब्रॉइडने भरलेलं गर्भाशय. ते काढावं लागलं आणि बाई जगली. त्याच वर्षी त्याच गावात गिलमन किंबॉल यांनी ठरवून तीच शस्त्रक्रिया केली. पण अशा बायका वाचणं हा तेव्हा अपवाद होता. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग, या दोन शत्रूंपुढे सर्जन हतबल होते.

लिस्टर यांनी 1867 मध्ये जंतुनाशनाची पद्धत मांडली आणि चित्र पालटू लागलं. पिशवी काढणं हळूहळू सुरक्षित झालं. आणि सुरक्षित झालं म्हणून सरसकट होऊ लागलं. नुसती गाठ काढून गर्भाशय राखणं जास्त किचकट, जास्त रक्त सांडणारं काम. ते कोण करणार?

लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलचे व्हिक्टर बॉनी यांनी ते अंगावर घेतलं. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचं गर्भाशय फायब्रॉइडमुळे तरुणपणीच काढावं लागलं होतं. त्यांना मूल झालं नाही. बॉनींनी एक चिमटा तयार केला. तो गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेपुरता दाबून धरतो. फौजी भाषेत सांगायचं तर त्यांनी रसद रोखली आणि मगच हल्ला केला.

हीच युक्ती पुढे पॅरिसमध्ये वेगळ्या रूपात आली. जाक राविना आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेत रक्त कमी जावं म्हणून आधी गर्भाशयाच्या धमन्यांत बारीक कण सोडून त्या बंद करत. मग लक्षात आलं की काही बायकांचा त्रास तेवढ्यानेच थांबतोय. रसद तुटली आणि गाठ आकसली! 1995 मध्ये त्यांनी 16 रुग्णांवरचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी 1962 मध्ये ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड जगापुढे आणलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने दगावणाऱ्या बायका त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. आज तेच औषध रणांगणावर जखमी जवानाला देतात आणि जास्त पाळी जाणाऱ्या बाईलाही.

म्हणजे आज हाताशी किती वाटा आहेत, पाहा. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं. रक्त थांबवणारी गोळी, लोहाच्या गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबी. गाठ तात्पुरती लहान करणारी इंजेक्शनं. दुर्बिणीतून किंवा पोट उघडून फक्त गाठ काढणं. धमनी बंद करणं. आणि शेवटी पिशवी काढणं. हा शेवटचा उपाय वाईट नाही. गाठी पुन्हा होणार नाहीत याची खात्री तोच देतो आणि कित्येक बायकांना त्याने नवं आयुष्य मिळालंय. पण तो परत फिरवता येत नाही. सोबत अंडाशयंही काढली तर पाळी एका दिवसात संपते आणि हाडांना त्याची झळ बसते.

आपल्याकडे हा प्रश्न किती खोल आहे, हे 2019 मध्ये बीडने दाखवलं. ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सगळ्यांनाच फायब्रॉइड नव्हते, पण पाळीचा त्रास आणि बुडणारी मजुरी या दोन्हींवर ‘पिशवी काढा’ हे एकच उत्तर मिळत होतं. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका होती. न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

नियम कागदावर आले आहेत. दवाखान्यात मात्र प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतील. गाठ नक्की कुठे आहे? आत्ताच काढायला हवी का? फक्त गाठ काढता येईल का? अंडाशयं राहतील ना? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं तर चालेल का? आणि नवरे मंडळींनो, बायको आत तपासायला गेल्यावर बाहेर बाकावर मोबाइल बघत बसू नका. तिला चालत असेल तर तिच्या शेजारी बसा आणि ऐका.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!