नवान्न पौर्णिमा

आश्विन शुद्ध पौर्णिमेला, मुख्यतः कोकणात, नव्या भाताच्या स्वागतासाठी पाळला जाणारा सण. बोलीत ‘नव्याची पुनव’. शहरांत त्याच रात्रीच्या कोजागरीचाच बोलबाला अधिक; शेतकऱ्याच्या घरी मात्र दिवसाचा मान नव्या धान्याला असतो.

सणाचे मूळ वैदिक आग्रयण विधीत आहे. नवे पीक देवांना अर्पण केल्यावाचून खायचे नाही, हा त्याचा दंडक. पावसाळ्यात सावा, शरदात भात आणि वसंतात जव यांचे आग्रयण होई. यज्ञ मागे पडले तरी दंडक टिकला. ही पौर्णिमा साधारणपणे ऑक्टोबरात येते. तोवर हळवे भात कापणीला आलेले असते, गरवे अजून शेतात उभे असते. म्हणून सणापुरत्या चार लोंब्या हळव्याच्या खाचरातून आणतात. ज्याचे पीक मागे आहे, त्याला शेजारी देतो.

‘नवे बांधणे’ हा सणाचा गाभा. भाताची लोंबी, नाचणीचे आणि वरीचे कणीस, कुरडूचा तुरा, झेंडूचे फूल हे सारे आंब्याच्या पानात धरून त्याची जुडी बांधतात. जिन्नस गावागणिक थोडे बदलतात. पहिली जुडी देवापुढे, मग दाराच्या चौकटीला, तुळशीला, विहिरीला, नांगराला, धान्याच्या कणगीला, आता मोटारसायकलीलाही. कष्टात वाटा असलेल्या प्रत्येक वस्तूला नव्याचा मान मिळतो, ही या सणातली सर्वांत सुंदर गोष्ट.

नैवेद्य खिरीचा: नवे तांदूळ, नारळाचा रस, गूळ. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, खिरीला मात्र तोच चिकटपणा दाटपणा देतो. याच दिवशी घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात.

गोव्यात नवे भाद्रपद शुद्ध पंचमीला होते. ओडिशातली नुआखाईही त्याच तिथीची. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा ‘खिरीचा सण’ त्यांच्या नववर्षानंतर, तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी येतो आणि त्यातही नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर असते. धर्म वेगळा, पंचांग वेगळे, पण खाचर एकच. या सणाला केवळ एका धर्माचा विधी मानणे म्हणूनच अपुरे ठरते.