छायाचित्रातील निर्जनता : कार्सन वाळवंट, १८६७

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या कार्सन वाळवंटात टिमथी ओसलिव्हन याने १८६७ साली घेतलेले एक छायाचित्र विख्यात आहे. वाळूच्या टेकड्यांत चार खेचरांची एक गाडी उभी असून तिच्यापासून निघालेल्या पाऊलखुणा कॅमेऱ्याकडे येताना दिसतात. मानवी हस्तक्षेपापूर्वीच्या निसर्गाचा साक्षात पुरावा म्हणून अशा चित्रांकडे पाहिले जाते. तथापि ते कोणासाठी व कोणत्या हेतूने घेतले गेले, हे ध्यानी घेतल्यावाचून या पुराव्याचे मूल्य ठरविता येत नाही.

मार्च १८६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने क्लॅरेन्स किंग या भूशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली चाळिसाव्या अक्षवृत्तालगतच्या प्रदेशाच्या पाहणीस मान्यता दिली. खंडाच्या आरपार जाणाऱ्या नियोजित लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंची भूरचना व खनिजसंपत्ती जाणून घेणे हा तिचा प्रमुख उद्देश होता. नेवाडातील कॉमस्टॉक येथे १८५९ सालीच विपुल रौप्य सापडले होते. या पाहणीचा प्रथम प्रसिद्ध झालेला खंड (१८७०) खाण-उद्योगाविषयीच होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ओसलिव्हन हा तिचा नियुक्त छायाचित्रकार. त्यानेच मॅग्नेशियमच्या प्रकाशात कॉमस्टॉकच्या भूगर्भातील खाणकामगारांचीही छायाचित्रे घेतली. वाळूचे चित्र व खाणीचे चित्र ही एकाच कार्याची दोन अंगे होत.

ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काच सुकण्यापूर्वीच चित्र घेऊन ते प्रकट करावे लागे. म्हणून अंधारखोली सोबत न्यावी लागे. चित्रातील गाडी त्याच कामाची होती. इतक्या सायासाने घेतलेल्या चित्रात दृश्याची निवड सहेतुक असणे स्वाभाविकच होय. १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट व सहकाऱ्यांनी जुन्या स्थळांवरून पुन्हा छायाचित्रे घेतली, तेव्हा युटामधील विचेस रॉक्स येथे ओसलिव्हनने कॅमेरा तिरका धरला होता असे आढळून आले. स्थळाची प्रत्यक्ष पडताळणी म्हणूनच अपरिहार्य ठरते.

चित्रात जे नाही तेही विचारार्ह आहे. कार्सन वाळवंट हा उत्तर पायूट लोकांचा प्रदेश. तेथील पाणथळींवर त्यांची उपजीविका चाले. चित्रात त्यांचा मागमूस नाही. १८७२ च्या खाण-कायद्याने खनिजयुक्त सरकारी जमिनीवर दावा सांगण्याची व ती एकरी अडीच किंवा पाच डॉलरांना विकत घेण्याची मुभा दिली. छायाचित्रामुळे कायदा झाला असे म्हणता येणार नाही. परंतु भूमी निर्जन व म्हणून उपलब्ध आहे, ही धारणा दोहोंत समान आहे.

पुढे हीच निर्जनता उलट पक्षाच्या कामी आली. कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरील डेथ व्हॅलीला फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, परंतु त्याच वर्षी जूनमध्ये ती खाणकामास पुन्हा खुली झाली; नव्या दाव्यांना प्रतिबंध झाला तो १९७६ च्या कायद्याने. ओसलिव्हनच्या कार्याचा चाहता असलेल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने त्या खोऱ्याची निर्मनुष्य भव्यता चित्रित केली. मात्र टिंबिशा शोशोनी लोकांचा तेथील भूमीवरील हक्क कायद्याने मान्य होण्यास २००० साल उजाडावे लागले. खाणीचा पुरस्कर्ता आणि निसर्गाचा रक्षक, दोघांच्याही दृष्टीतून तेथील रहिवासी निसटला होता. अशी छायाचित्रे साधन म्हणून वापरताना भूरूपांइतकाच या अनुपस्थितीचाही शोध घेणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.