मढ्याच्या कापडापासून मापाच्या कापडापर्यंत

आंबेडकरी चळवळीतील कपड्यांचा इतिहास म्हटले की आपण तीन गोष्टी सांगतो. बाबासाहेबांचा सूट, महाडनंतर स्त्रियांनी बदललेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात जमलेला पांढऱ्या वस्त्रांतला जनसागर. हे सगळे डोळ्यांना दिसणारे कपडे आहेत. पण अंगाला लागून असणाऱ्या कापडाचे काय? चड्डी, बॉडी, परकर, पाळीच्या कापडाची घडी, हे आपल्या आया-आज्यांनी घरी हाताने शिवले. त्याचा इतिहास कोणी लिहिला? विषय काढला की तरुण पोरे हसतात. आम्ही म्हणतो, हसण्याआधी मनुस्मृती उघडून पाहा.

दहाव्या अध्यायातला 52 वा श्लोक. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, असा तो हुकूम आहे. हा हुकूम पोथीत पडून राहिला नाही. गावगाड्यात महाराच्या ‘हक्कां’मध्ये मढ्यावरच्या कापडाची गणना होत होती. गावाची प्रेते, मेलेली ढोरे, सांगावे, वेठ हे सगळे करायचे आणि मोबदल्यात काय? शिळी भाकरी आणि मढ्याचे कापड! ज्या समाजाला अंग झाकायला मेलेल्याचे वस्त्र ‘हक्क’ म्हणून मिळते, त्याच्या अंगाला स्वतःचे माप नसते. तो दुसऱ्याच्या मापात जगतो.

नवे कापड घेतले तरी सुटका नव्हती. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये लिहून ठेवले आहे की महार बायकांना लुगड्याचे काठ निऱ्यांत दडवावे लागत. त्रावणकोरमध्ये नाडार स्त्रियांनी छाती झाकण्यासाठी अनेक वर्षे संघर्ष केला. 1859 मध्ये परवानगी मिळाली, पण अट अशी की उच्चजातीय स्त्रियांसारखे झाकायचे नाही! जातीला कापडाचे वावडे नव्हते, बरोबरीचे होते.

म्हणूनच महाडच्या डिसेंबर 1927 च्या परिषदेकडे नीट पाहिले पाहिजे. 25 तारखेला मनुस्मृती जाळली गेली, म्हणजे मेलेल्यांची वस्त्रे घाला म्हणणारा तो श्लोकही जळाला. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलामुलींना शिकवा, असे सांगितले. टिपणीस आणि चित्रे या सहकाऱ्यांच्या पत्नींनी नवी नेसण दाखवली आणि स्त्रियांनी ती लगेच उचलली. लुगड्याची पद्धत अशी एका रात्रीत बदलता येते. आतले कापड मात्र कापावे लागते, शिवावे लागते. त्याला सुई लागते.

कोणी विचारेल, शिंप्याकडे का नाही गेले? पैसा नव्हता हे खरे, पण अर्धेच खरे. माप घ्यायचे म्हणजे अंगाला हात लावायचा. 11 राज्यांतल्या 565 गावांच्या पाहणीवर आधारलेले ग्रामीण अस्पृश्यतेवरचे पुस्तक 2006 मध्ये आले. दलितांचे माप घ्यायला नकार देणारे शिंपी त्यातही नोंदले आहेत. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षांनीसुद्धा! शिवाय आतल्या कपड्याचे माप परक्या पुरुषाला कोणती बाई देणार? त्यामुळे हे काम घरातच आले.

आमच्या कोल्हारला, प्रवरेकाठच्या वस्त्यांत, म्हाताऱ्या बायांशी बोलताना ही सगळी कारागिरी समोर येते. मांजरपाट आणायचा, धुऊन आटवून घ्यायचा, मगच कापायचा. माप वितीने किंवा दोऱ्याने. आसनाला वेगळा चौकोनी तुकडा जोडायचा, नाहीतर खाली बसताच चड्डी उसवते. आधी धावदोरा, मग उलटी टीप. वर नेफा दुमडून सेफ्टी पिनेने नाडी ओवायची. जुन्या लुगड्याचा मऊ भाग पाळीच्या घड्यांसाठी आणि बाळाच्या लंगोटांसाठी. पोरीला शाळेत धाडायचे तर फ्रॉकखाली धड चड्डी हवी, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. शिका म्हणणाऱ्या बाबासाहेबांचा संदेश त्यांनी असा नेफ्यापर्यंत नेला.

आता धम्माकडे वळू. भिक्खूच्या तीन चीवरांतले एक अंतर्वासक, म्हणजे आतून नेसायचे वस्त्र. त्याच्या आठ परिष्कारांत पात्र आणि वस्तऱ्याबरोबर सुईसुद्धा आहे. भिक्खू पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्याही वापरत. मग मनूचे आणि बुद्धाचे कापड एकच झाले का? मुळीच नाही. मनू ते जन्माने लादतो. भिक्खू ते स्वतःहून उचलतो, धुतो, कापतो, शिवतो, रंगवतो. मग ते कोणत्याही जातीचे राहत नाही. लादलेली चिंधी गुलामी असते, आपल्या हाताने शिवलेली चिंधी चीवर होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तर भिक्खुणींसाठी पाळीच्या कापडाची आणि ते बांधण्याच्या दोऱ्याचीही तरतूद आहे. विटाळाचा बाऊ न करता गरज म्हणून केलेली तरतूद! आपल्या घरांत मात्र आजही ते कापड अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 24 वयाच्या जवळपास निम्म्या मुली पाळीत कापड वापरतात. कापड वाईट नाही. ते उन्हात वाळवायची लाज वाईट. ही लाज आपली नाही, मनूची आहे.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. शिवणकामाचे कौतुक करता करता आपल्या पोरींना शिलाई मशीनला बांधून ठेवायचे नाही. मागासवर्गीय महिलांचा विकास म्हटले की सरकारी योजनांना पहिली शिलाई मशीनच आठवते. वाटप होते, फोटो निघतो, विकास संपतो! आपल्याच नगरमध्ये सिंथिया फरार यांची मुलींची शाळा होती. ती पाहून जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणही शिकवत. सावित्रीमाईंनी सुईला नाकारले नाही, पण लढाई अक्षरांसाठी केली. सुई हाताला हवी, ती पुस्तकाच्या जागी नको.

आज बाजारात तयार माल स्वस्त मिळतो. सगळ्यांनी घरी चड्ड्या शिवाव्यात असे आम्ही सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ज्या पिढीने मढ्याचे कापड नाकारून पोरांच्या अंगाला त्यांचे स्वतःचे माप दिले, ती पिढी आता थकली आहे. फोटोत न दिसणारा हा इतिहास तिच्याबरोबर जाईल. पुढच्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. आपल्या वस्तीतल्या पाच आज्यांसमोर वही घेऊन बसा आणि विचारा: आजी, पहिली चड्डी कोणासाठी शिवलीस, कापड कुठून आणलेस, सुई कोणी शिकवली? लाजतील, हसतील, मग सांगतील. ते लिहून घ्या.

जय भीम!