चुलीपुढच्या बाईचं नाव

आपल्या बारामती-इंदापूर भागात पाहुणे आले आणि त्यांना मासे खायची हौस असली, की गाडी भिगवणच्या वाटेला लागते. पुणे-सोलापूर रस्त्यावर तिथं माशांच्या थाळीची घरगुती हॉटेलं आहेत. बाप, लेक, सुना, नातवंडं असं सगळं घर त्यात राबतं. अशा हॉटेलांचा इतिहास आज आपण बघू, आणि त्यात चुलीपुढच्या बाईचं नाव कुठं लागतं तेही बघू.

भीमेत मासा पूर्वीपासून होता. भोई-कोळी बांधव तो धरायचे. पण १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि पाणी मागे दूरवर पसरलं. इंदापूर तालुक्यातली जमीन गेली, गावं उठली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आजही वर दिसतं. त्याच पाण्यावर मासेमारी वाढली. रस्ता आणि रेल्वे दोन्ही जवळ, म्हणून भिगवणला मासळीचा बाजार वाढला. चिलापी, रोहू, कटला, मरळ ही नावं ज्वारीच्या भाकरीशेजारी येऊन बसली.

या धंद्यात बाईचं काम किती? मासा साफ करायचा, वाटण वाटायचं, कालवणाला चव आणायची, भाकऱ्या थापायच्या. पण कुणी विचारलं तर घरातून उत्तर येतं, "हॉटेल मालक बघतात, बायका मदत करतात." गटाच्या बैठकांत हा 'मदत' शब्द आम्ही फार वेळा ऐकतो.

आता जरा लांबचं उदाहरण घेऊ. श्रीनगरच्या रेसिडेन्सी रोडवर 'अहदूस' नावाचं हॉटेल आहे. १९१८ साली ते बेकरी म्हणून सुरू झालं आणि पुढं काश्मिरी जेवणासाठी नावाजलं. तिथल्या मोठ्या जेवणाला वाजवान म्हणतात. लग्नात चार माणसं एका त्रामीभोवती, म्हणजे मोठ्या ताटाभोवती बसतात. भातावर एकेक मटणाचा पदार्थ येत राहतो आणि शेवटी दह्याच्या रश्शातला गुश्ताबा येतो. हे रांधणाऱ्याला 'वाजा' म्हणतात, त्यांच्या प्रमुखाला 'वस्ता'. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाते. वाजाला सुपारी देऊन बोलावतात, त्याची मजुरी ठरते. तो 'मदत' करतो असं कुणी म्हणत नाही. वाजा पुरुष असतो, हे मात्र ध्यानात ठेवा. घरात रोजचं रांधणाऱ्या काश्मिरी बाईला असं पदाचं नाव नाही. म्हणजे गोष्ट तिथं आणि इथं सारखीच आहे.

रांधणाऱ्या बाईला नाव मिळवून देण्याचं काम आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे. मुंबईच्या गिरणगावात सातारा, कोल्हापूर, कोकणातून आलेले कामगार खाणावळीत जेवायचे. खाणावळ चालवणारी बाई महिनाभर उधारीवर जेवू घालायची आणि पगार झाल्यावर पैसे घ्यायची. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेनं त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावावर कर्ज दिलं. पुढं १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. त्यातही एकमेकींच्या भरवशावर कर्ज हीच रीत आहे.

नावाला एवढं महत्त्व का, तर अडचणीच्या दिवशी कागदच बोलतो. उद्या भावाभावांत वाटणी झाली, किंवा घरचा कर्ता माणूस गेला, तर वीस वर्षं कालवण रांधणाऱ्या बाईजवळ दाखवायला काय असतं? अन्न नोंदणीवर नाव नाही, उद्यम नोंदणीवर नाही, बँकेच्या खात्यावर नाही. मग तिला कर्ज मिळत नाही आणि तिच्या हातची चव दुसऱ्याच्या गल्ल्यात जाते. नाव असेल तर तिला त्याच चवीवर पुन्हा उभं राहता येतं.

म्हणून ज्यांच्या घरात हॉटेल, खाणावळ किंवा डब्याचा धंदा आहे, त्यांना आमचं सांगणं आहे. एक वही घ्या. धंदा कोणत्या साली सुरू झाला, पहिल्या भांड्यांना पैसा कुणाचा लागला, कुणाचे दागिने मोडले, वाटण कुणी कुणाला शिकवलं, हे सासूला, आजेसासूला विचारून लिहून काढा. त्यांच्या आठवणी आहेत तोवरच हे काम होईल. मग घरात बसून शांतपणे बोला आणि निदान एका कागदावर तरी आपलं नाव लावून घ्या. पुढच्या बैठकीला ती वही सोबत आणा. अर्ज भरायला आम्ही बसूच.