गाव अडले नाही, अर्ज अडला

देवगाव रंगारीसारख्या गावात समलिंगी किंवा तृतीयपंथी माणसांच्या कायदेशीर समतेचा विषय काढून पाहा. उत्तर ठरलेले असते : ही मुंबई-पुण्याची थेरं, इथे मक्याला भाव नाही, कापसाला भाव नाही, त्यात हे कुठून काढले? चार बुकं शिकलेला माणूस तेच सौम्यपणे सांगतो : आधी समाजाचे मन तयार होऊ द्या, कायदा मागून येईल. हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1891 च्या संमतिवयाच्या वादात तो भल्याभल्यांनी मांडला होता. मात्र तो तीन गृहीतांवर उभा आहे. हे खूळ बाहेरचे आहे, कायदा या प्रश्नात अजून शिरलेलाच नाही, आणि गाव कायद्याच्या मागे आहे. तिन्ही तपासून पाहू.

पहिले, बाहेरचे खूळ. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. गुन्हा काय, तर हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी उत्तरे दिली. त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दंड झाला. पण ते प्रश्न लंडनहून आले नव्हते, इथल्याच वाचकांनी टपालाने पाठवले होते. बाहेरून आले ते दुसरेच काही : समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे, 1860 च्या दंडसंहितेतले कलम 377. परक्या सरकारने लिहिलेले ते कलम आपली परंपरा म्हणून मिरवायचे आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्याला परका म्हणायचे, ही उलटी गंगा आहे.

दुसरे गृहीत त्याहून कच्चे आहे. देवगाव रंगारी ज्यात येते तो कन्नड तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानात 1329 फसलीत, म्हणजे 1919 च्या सुमारास, हिजड्यांविषयी कायदा झाला. त्यांची नोंदवही ठेवायची; बायकी कपडे-दागिने घालून ते चारचौघांत दिसले किंवा नाचले-गायले, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तो कायदा करताना समाजाचे मन तयार आहे का, असे कुणी विचारले नाही. मराठवाडा 1956 मध्ये हैदराबादेतून वेगळा झाला. तेलंगणात मात्र हा कायदा पुस्तकात तसाच राहिला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला थेट 2023 मध्ये. सांगायचा मुद्दा असा, की शिक्षा करायला कायदा शंभर वर्षांपूर्वीच आला होता. मन तयार होण्याची अट निघते ती त्याने संरक्षण द्यावे असे म्हटल्यावरच.

आता तिसरे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे. गाव खरोखर मागे आहे का? सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. तो फेटाळला निवडणूक अधिकाऱ्याने. कारण, उमेदवार तृतीयपंथी. औरंगाबाद खंडपीठाने 2 जानेवारी 2021 रोजी तो निर्णय फिरवला आणि त्यांना स्त्री म्हणून लढू दिले. त्याच महिन्यात मतदान झाले. भादलीने त्यांना निवडून दिले.

म्हणजे समाज नाही म्हणाला नव्हता. त्याला विचारण्याआधीच कचेरीने नाही म्हटले होते. बीड पोलिस दलातल्या ललित साळवे यांचेही तेच. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी मागितलेली रजा खात्याने नाकारली. न्यायालय, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट) असे उंबरे झिजवल्यावर 2018 मध्ये सरकारची परवानगी आली.

यावर कुणी म्हणेल, मूठभरांसाठी एवढा खटाटोप कशाला? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या लिंगाच्या रकान्यात 40,891 माणसे नोंदली गेली. समलिंगी स्त्री-पुरुष त्या रकान्यात नाहीतच. आणि मक्याच्या भावाशी याचे भांडण लावण्याचे कारण नाही. अर्जावर एक रकाना वाढवल्याने कुणाचे अनुदान कमी होत नाही.

हे रकाने बरेचसे राज्याच्या हातात असतात, म्हणून लढाई राज्याच्या कायद्याशी आहे. ग्रामपंचायतीचा 1958 चा अधिनियम राज्याचा, पोलिस भरतीचे नियम राज्याचे. तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा ‘नालसा’ निकाल 2014 चा. तरी 2022 मध्ये पोलिस भरतीच्या अर्जावर तिसरा पर्याय नव्हता. मॅटने तो द्यायला सांगितला, तेव्हा सरकार अडचणी घेऊन उच्च न्यायालयात गेले आणि तिथे कानउघाडणी झाल्यावर वळले. शेजारच्या कर्नाटकाने 2021 मध्येच सरकारी नोकरीत तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण दिले. तमिळनाडूने 2019 मध्ये आंतरलिंगी बालकांवरच्या अनावश्यक शस्त्रक्रियांना बंदी केली. समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी विधिमंडळांच्या अंगणात टाकला. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय आहे. आता पटवायचे आहे ते आमदाराला, आणि आमदार ऐकतो तो मतदारसंघातल्या माणसाचे.

कायद्याने सगळे होते, असे माझे म्हणणे नाही. भादलीच्या निकालातही पुढे पुरुष म्हणून लाभ घेणार नाही, ही उमेदवाराची हमी नोंदवून घ्यावी लागली. आणि तो दिलासा एकीचा होता. पुढच्या प्रत्येकीने खंडपीठाची पायरी चढावी, ही काही व्यवस्था नव्हे. म्हणून नियम हवा, आणि तो मागणारा आवाज गावातून हवा. गावाला काय रुचेल हे कचेरीने परस्पर ठरवू नये. गावाला मत देऊ द्यावे. भादलीने दिले होते.