सुईची शंभर वर्षं

परवा कोल्हापूरला घरी गेलो होतो. मिसळ समोर आली तसं चौदा वर्षांच्या मामेभावाने आधी पोटात इन्सुलिन टोचून घेतलं. टाइप वन डायबेटिस. "दादा, ही सुई कधी सुटणार रे?" उत्तर येईना, म्हणून रात्री वाचत बसलो.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं. तोही किशोरवयातलाच! त्याआधी हा आजार म्हणजे मरणच. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत इन्सुलिन हा नुसता पॅच. स्वादुपिंड बिघडलेलंच राहतं.

त्यातल्या बीटा पेशी स्टेम सेलपासून नव्याने घडवता येतील का? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. २०१४ मध्ये हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या गटाने अशा पेशी मोठ्या संख्येने बनवल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा पेशी यकृतात सोडल्यावर, पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभराने इन्सुलिन लागत नव्हतं. मात्र शरीराने परक्या पेशी मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच.

सकाळी त्याला सांगितलं, "सुटेल रे, पण वेळ लागेल. तोवर जाहिराती बघून कुठं जायचं नाही, आणि सुई चुकवायची नाही."